जिताडा लागतो आणि सुटतो? नवीन ल्युअर घेण्याआधी लाईनचं टोक बघा

पाऊस उघडला, खाडीचं पाणी जरा निवळायला लागलं की गरवायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तीच तक्रार. जिताडा लागला, भप्प असा आवाज झाला, रॉड वाकला, मासा एकदा हवेत उडाला, डोकं झाडलं आणि लाईन ढिली. पुढच्या रविवारी परत तेच. मग सल्ले सुरू होतात, कोणी म्हणतो लीडर (लाईनच्या टोकाला जोडलेला जाड तुकडा) जाड कर, कोणी म्हणतो ड्रॅग (रीलचा ब्रेक) पूर्ण आवळ, कोणी म्हणतो ल्युअरचा (खोट्या आमिषाचा) हा रंग चालत नाही चार्ट्रूज (पोपटी-पिवळा) घे, आणि माणूस दुकानात जाऊन दीड-दोन हजार घालवून येतो आणि तरी मासा सुटतोच. कारण मासा नेमका कशामुळे सुटला हेच कोणी बघितलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच की मासा सुटला की शिव्या घालून झाल्यावर लगेच दुसरा कास्ट मारू नका. जे परत आलंय ते हातात घ्या, मोबाईलचा टॉर्च लावा आणि नीट बघा. लाईनचं टोक, गाठ, रिंग, गळाची टोकं. निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथंच असतं, आणि चारपाच वेगवेगळे बिघाड बाहेरून एकसारखेच वाटतात पण त्यांचे इलाज एकमेकांच्या उलट असतात. हुक सरळ झालेल्या माणसाला कोणी ड्रॅग अजून आवळायला सांगितलं तर पुढचा मासाही गेलाच म्हणून समजा.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण बराच गोंधळ तिथून येतो. आपण बहुतेक जण ल्युअर फिशिंग शिकलोय अमेरिकन बासचे व्हिडीओ बघून. रॉड, रील, ल्युअर, बाजारात स्वस्तात मिळतं तेही बरंचसं बाससाठीच बनवलेलं. त्यात वाईट काही नाही, जिताडासुद्धा तसाच आडोशाला दबा धरून बसणारा, मोठ्या तोंडाचा, पाण्यासकट भक्ष्य आत ओढणारा मासा आहे, त्यामुळे पद्धत लागू पडते. पण आकार बघा ना. लार्जमाउथ बासचा आजवरचा विक्रम २२ पौंड ४ औंस, म्हणजे जेमतेम १० किलो. तो १९३२ साली जॉर्जियात झाला आणि २००९ साली जपानच्या बिवा तलावात त्याची बरोबरी झाली, बस. जिताडा म्हणजे ऑस्ट्रेलियातला बॅरामुंडी, गोव्यातला चोणक. क्वीन्सलँडच्या मंडुरन जलाशयात २०१० साली ४४.६४ किलोचा काढलाय. आपल्या धरमतर किंवा कुंडलिकेच्या खाडीत असला मिळणार नाही हे खरं, पण आठ-दहा किलोचा लागू शकतो, आणि बासवाल्यांसाठी जो जन्मातला मासा तो इथे एखाद्या उधाणाला अचानक तुमच्या लाईनवर असतो. म्हणजे सामान बासचं आणि वजन जिताड्याचं, गडबड इथे आहे.

आता टोकाकडे.

लीडरचं टोक खरखरीत झालंय, पांढरं पडलंय, बोटांनी चोळलं तर टोचतं, तर मासा तोंडाने लीडर घासून गेला. जिताड्याला सुरमईसारखे कापणारे दात नसतात, जबडा आतून पॉलिश पेपरसारखा असतो, त्यामुळे झटक्यात तुटत नाही, दोन-तीन मिनिटं झुंज चालली की झिजत झिजत तुटतं. टोक ब्लेडने कापल्यासारखं साफ असेल तर कल्ल्याचं झाकण. त्याची कड धारदार असते, मासा हातात धरून कोणी बोट कापून घेतलं नसेल तर नशीबवान समजा. डोकं झाडताना लीडर त्या कडेवर आला की गेला. दोन्हीला इलाज साधारण एकच, ५० ते ६० पौंडाचा लीडर, लांबी हात पसरून खांद्यापासून बोटांपर्यंत तरी हवी. आखूड लीडरने काय होतं, मासा गिरकी घेतो आणि ब्रेडेड (विणलेल्या धाग्यांची मुख्य) लाईनच त्याच्या खवल्यांवर घासते, आणि ब्रेडेड ओढीला कितीही मजबूत असली तरी घासण्याला अगदीच नाजूक. स्टीलची वायर मात्र लावू नका. सुरमई, बॅराकुडाला ठीक आहे, इथे ल्युअरची हालचाल मरते आणि फायदा शून्य. आणि प्रत्येक माशानंतर, सुटलेला असो की काढलेला, लीडरचा शेवटचा वीतभर भाग दोन बोटांत धरून ओढून बघा, खरखर लागली की कापा आणि गाठ परत मारा. लोकांना याचाच कंटाळा येतो.

खरखर लीडरच्या मध्येच असेल किंवा ब्रेडेडचेच धागे सुटून पिंजल्यासारखे झाले असतील तर ते माशाचं काम नाही, ती कालवं. जेट्टीच्या खांबांना आणि बंदिस्तीच्या दगडांना भरतीच्या रेषेपर्यंत कालवं चिकटलेली असतात आणि मासा पहिल्या पळीतच खांबामागे जातो. इथे लीडर जाड करून थोडा फरक पडतो पण खरा फरक पडतो तुम्ही कुठे उभे आहात त्याने. कास्ट मारायच्या आधी ठरवा की मासा लागला तर त्याला कुठल्या बाजूला ओढणार. खांब किंवा तिवराची मुळं तुमच्या आणि माशाच्या मध्ये येत असतील तर तो कास्ट मारूच नका, कितीही भारी जागा दिसत असली तरी. बाजूने, मुळांना समांतर मारा.

टोक कुरळं, वळलेलं असेल तर भावा ती गाठ सुटली, तुटलं काहीच नाही. हे फार वेळा होतं आणि दोष मात्र लीडर कंपनीला जातो. ६० पौंडाच्या जाड लीडरवर साधी क्लिंच गाठ नीट बसतच नाही, वेटोळे एकावर एक चढतात आणि झटका बसला की सरकून निघतात. जाड लीडरला लूपवाली गाठ मारा, त्याने ल्युअर मोकळा हलतो पण. ओढायच्या आधी थुंकीने ओली करा, हळू ओढा, कोरडी गाठ घाईत ओढली की उष्णतेने लाईन तिथेच कमजोर होते. ब्रेडेड आणि लीडरचा जोड सुटत असेल तर एफजी नॉट शिका. घरी पंख्याखाली बसून शिका, रात्री जेट्टीवर वाऱ्यात शिकायला जाऊ नका. एफजी बसली की नाही हे ओळखायची खूण अशी की हाताला फडकं गुंडाळून दोन्हीकडून ओढल्यावर ब्रेडेडच्या वेटोळ्यांचा रंग गडद होतो, वेटोळे लीडरमध्ये रुततात. रंग बदलला नाही म्हणजे ती नुसती गुंडाळलेली आहे, पकडलेली नाही. परत मारा.

आता सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार. ल्युअर परत आला, पण ट्रेबलचे (तीन काट्यांच्या गळाचे) एक किंवा दोन काटे उघडले, सरळ झाले. हा तो बासचा हिशोब. तीन-साडेतीन इंची बासच्या क्रँकबेटला (माशाच्या आकाराचा कडक ल्युअर) कंपनीकडून येणारे ट्रेबल बारीक तारेचे असतात आणि ते मुद्दाम तसे असतात, हलक्या लाईनवर, नरम रॉडवर ते पटकन रुततात. गोड्या पाण्यात दोन किलोच्या बासला उत्तम. तुम्ही त्याला ३० पौंडाची ब्रेडेड जोडलीत, जी ताणत नाही, ड्रॅग बंद केलात, आणि पलीकडे सहा किलोचा मासा, आता सगळ्या साखळीत सगळ्यात कमजोर कडी तो काटा. लाईन तुटायच्या आधी तोच उघडणार.

दोन गोष्टी करायच्या. एक, ट्रेबल बदला. पाकिटावर २एक्स, ४एक्स असं तारेच्या जाडीचं माप असतं, जिताड्याला निदान ३एक्स-४एक्स घ्या, आणि सोबत स्प्लिट रिंगही (ल्युअरला ट्रेबल जोडणारी कडी) जाड घ्या नाहीतर पुढच्या वेळी रिंग उघडून येईल. पण इथे एक गोची आहे. जाड ट्रेबल जड असतो, तरंगणारा ल्युअर हळूहळू बुडायला लागतो, कधी शेपटी खाली करून लटकतो, आणि त्याचं थरथरणं बदलतं. म्हणून बदलून झाल्यावर बादलीत टाकून बघा, आणि बादलीत खाडीचंच पाणी घ्या, कारण खाऱ्या पाण्यात तो जास्त तरंगतो, घरच्या नळाच्या पाण्यात चाचणी घेतली तर उत्तर चुकीचं येतं. फारच बुडत असेल तर मागच्या ट्रेबलच्या जागी एक सिंगल इनलाईन हुक लावा. मला स्वतःला सिंगल जास्त आवडतो, मुळात कमी अडकतो आणि मासा सोडायचा असेल तर पटकन निघतो.

दुसरी गोष्ट ड्रॅग. ‘हाताने ओढून अंदाज’ हा प्रकार बंद करा. बॅग मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो तो घ्या. लाईन रॉडच्या सगळ्या रिंगांमधून घालून काट्याला बांधा, मित्राला काटा धरायला लावा, रॉड वाकलेला ठेवून ओढा. लाईनच्या ताकदीच्या पावपट हा सुरुवातीचा हिशोब. ३० पौंड म्हणजे साधारण १३.६ किलो, त्याचे झाले सव्वातीन-साडेतीन किलो. काट्यावर साडेतीन किलो ओढून बघितलं की कळतं ते किती जास्त असतं, बहुतेकांना वाटत असतं आपण पाचवर लावलाय आणि निघतो दीड. किंवा उलट, ड्रॅग सुरू व्हायला आधी एक मोठा झटका लागतो आणि मग एकदम सैल, तर आतले वॉशर चिकटलेत, खारं पाणी गेलंय, रील उघडून साफ करावं लागेल. असा अडखळणारा ड्रॅग असेल तर आकडा कितीही बरोबर लावा, पहिल्याच उडीला मासा जाणार. तिवरात एकदम मुळांच्या तोंडाशी मारत असाल तर अर्ध्या-एक किलोने वाढवा, पण मग सगळी साखळी, रिंग, हुक, गाठ त्या हिशोबाची हवी.

स्नॅप (ल्युअर अडकवायची क्लिप) उघडून आला असेल तर काय सांगणार, स्वस्तातला स्नॅप फेकून द्या आणि थेट गाठ मारा.

आता अवघड केस. काहीच तुटलं नाही, हुक सरळ नाही, लीडर छान, ल्युअर जसाच्या तसा परत आला आणि मासा गायब. याला लोक नशीब म्हणतात. मी आधी काट्याचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवून सरकवून बघतो. रुतलं, अडलं तर धार आहे, घसरलं तर बोथट. खाऱ्या पाण्यात एका फेरीत धार जाते, दगडाला एकदा लागलं तरी जाते. जिताड्याच्या तोंडात कडेला नरम पडदा आणि बाकी कडक हाड, बोथट काटा हाडावर नुसता टेकतो, रॉड वाकतो, तुम्हाला वाटतं लागला, तो तोंड उघडून डोकं झाडतो आणि बाहेर. कानस जवळ ठेवा किंवा ट्रेबल बदला.

धार ठीक असेल तर हुकसेट, म्हणजे काटा रुतवायला मारलेला झटका. बासच्या व्हिडीओत तो माणूस अंगातला सगळा जोर लावून मागे झटका मारतो ना, तो बहुतेक वेळा टेक्सास रिग वापरत असतो, म्हणजे एकच जाड हुक रबरी किड्याच्या आत लपवलेला, तो आधी रबर फाडून मग जबड्यात घुसायला हवा म्हणून तेवढा जोर. उघड्या ट्रेबलवर तुम्ही न ताणणाऱ्या ब्रेडेडने तसा झटका मारलात तर ल्युअर माशाच्या तोंडातून ओढून काढता, नाहीतर नरम पडद्यात एवढं मोठं भोक पाडता की पहिल्या उडीत तिथून काटा निसटतो. ट्रेबलला झटका नको. रील फिरवत राहा, वजन आलं की रॉड बाजूला, जमिनीला समांतर, जोरात ओढून धरा, बास. जिगहेडवर (वजन लावलेला हुक) रबरी शॅड (मऊ मासा) असेल तर मात्र जरा ठोस सेट लागतो, आणि तिथे हुकचा घेर बघा, चार-पाच इंचाच्या शॅडला हुक लहान असेल तर चावल्यावर रबर गोळा होऊन काट्याचं तोंडच भरून जातं.

आणि मरळ गरवणाऱ्यांची उलटी सवय. मरळीने फ्रॉग (बेडकासारखा ल्युअर) घेतला की ते एक-दोन मोजून मग ओढतात, तिथे ते बरोबरच आहे. जिताडा ल्युअर पाण्यासकट आत खेचतो आणि खोटं आहे कळलं की तितक्याच वेगाने थुंकतो. थांबलात की संपलं.

उडीच्या वेळी काय करायचं यावर वाद आहे. कोणी लाईन क्षणभर ढिली देतं, कोणी घट्ट ठेवतं. मी रॉडचं टोक खाली पाण्याकडे नेतो, जवळजवळ पाण्यात, म्हणजे मुळात त्याला वर यायलाच जड जातं. जड ल्युअर असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, हवेत डोकं झाडताना ल्युअरचं वजनच काट्याला उपटून काढतं. ताण मात्र सोडत नाही.

अजून एक कारण जे टॅकलमध्ये नाहीच, पाण्यात आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, आपल्याकडे साडेचार मीटरच्या वरची भरती येते आणि ओहोटीला खाडीतून पाणी नुसतं धावतं. लाईन प्रवाहात कमानीसारखी वाकते, मासा ल्युअर घेतो पण तुमच्या हाताला ते पोचेपर्यंत तो सोडूनही देतो. तेव्हा सरळ आडवा कास्ट मारू नका, थोडा प्रवाहाच्या वरच्या बाजूला मारा आणि ढील लगेच गोळा करत राहा, ल्युअरच्या वेगापेक्षा रील किंचित जास्त वेगाने. किंवा मग पाण्याचा जोर जरा उतरल्यावर जा. वेळ काढायला आपल्याकडचा जुना हिशोब अजूनही अॅपइतकाच कामाचा आहे, तिथीची पाऊणपट करा, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, दशमीला साडेसातला, दिवसा आणि रात्रीही. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर धरा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, पाणी कमी धावतं, गढूळपणा कमी, नवीन माणसाने तेव्हाच जावं असं माझं मत आहे, मासे कमी लागतील पण लागलेला कळेल तरी.

उघाडीजवळ (शेताच्या बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) गरवत असाल तर ओहोटीला शेताकडचं पाणी बाहेर पडायला लागल्यावरचा पहिला तास सोडू नका. कोळंबी आणि बारीक बोई त्या पाण्याबरोबर बाहेर येते आणि जिताडा प्रवाहाच्या कडेला, शांत पाण्यात तोंड करून उभा असतो, मधल्या फेसात नाही. लोक मधोमध मारतात. आणि सावित्रीला महाडकडे किंवा वाशिष्ठीला चिपळूणकडे जात असाल तर पाण्यात उतरून गरवू नका, तिथे मगरी आहेत, गंमत नाही.

पायाशी येऊन सुटणाऱ्यांसाठी. मासा दमलाय असं वाटतं, तो आडवा होतो, तुम्ही रॉड उभा सरळ करता आणि लीडर धरून वर उचलायला जाता. पाण्यात त्याचं वजन जाणवत नव्हतं, हवेत पाच किलो एका काट्यावर आलं, तोही इतक्या झुंजीत सैल झालेल्या भोकात. जेट्टीवरून गरवणार असाल तर लांब दांड्याचं लँडिंग नेट हवंच, ल्युअरवर खर्च करायच्या आधी त्यावर करा. नेट पाण्यात आधी बुडवून ठेवा आणि माशाला त्यावर आणा, नेट घेऊन माशामागे धावू नका, तो शेवटची पळी मारतोच. आणि फार मोठा निघाला तर विचार करा. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे खाडीतले मोठे मासे जवळपास सगळ्या अंडी घालणाऱ्या माद्या. कालवणाला दोन-तीन किलोचाच चवीला बरा लागतो असं मी तरी म्हणेन, पेण-अलिबागकडचे लोक भांडतील यावर.

घरी आल्यावर ड्रॅग आवळा, मग रीलवर गोडं पाणी हलकं शिंपडा, फवारा मारू नका, जोराने मीठ आत जातं, आणि सुकल्यावर ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवा. ल्युअर धुऊन रात्रभर पेपरवर सुकवा आणि मगच पेटीत ठेवा, एक ओला ट्रेबल शेजारचे सगळे गंजवतो, आणि गंजलेला काटा नखावर कितीही रुतला तरी ओढीला टिकत नाही.